आमच्या कॉलेजला गोलकीपर मिळवून दिल्याची हकीकत

दर जुलैमध्ये इंग्लंडात रीडिंगला भाऊंच्या घरी आमची बैठक बसायची आणि कोल्हापूरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये यंदा फर्स्ट इयरची कुठली पोरं घ्यायची, ते आम्ही ठरवायचो. हे काम आम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. आम्ही ते करतो याचा कॉलेजला पत्ताही नव्हता. तरीही आम्ही ते वर्षानुवर्षं, चहा थंड होईपर्यंत, अत्यंत जबाबदारीनं पार पाडत आलो होतो.

कोल्हापुरात फुटबॉल किती चालतो हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. ऑफिसातले पुणेकर म्हणायचे, "कोल्हापूर म्हणजे कुस्ती ना रे?" मी "हो, आणि फुटबॉल" म्हणालो की ते हसायचे, मी विनोद केला असं समजून. आमच्याकडे पेठापेठांच्या, तालमींच्या टीम आहेत, आणि मॅचच्या दिवशी सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत. कॉलेजचं तसंच. शहराच्या एका टोकाला आमचं कॉलेज, दुसऱ्या टोकाला पलीकडचं. त्या कॉलेजला नाव होतं, पण आम्ही चार वर्षांत ते तोंडानं घेतलं नाही. "पलीकडचं" म्हटलं की पुरे.

बैठकीला माणसं तीनच. भाऊ आमच्या बरेच आधीच्या बॅचचे, एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामाला, स्वतःचं घर, मागे काचेची खोली आणि तिच्यापलीकडे त्यांनी जिवापाड जपलेली हिरवळ. दुसरा माझा बॅचमेट, तो हॅरोला राहायचा म्हणून हॅरोवाला. दोन ट्रेन बदलून यायचा आणि आल्या आल्या पहिलं वाक्य ट्रेनबद्दल बोलायचा, ते इथे लिहिता येण्यासारखं नसायचं. तिसरा मी.

मी कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षं होतो. हे वाक्य मी बायोडेटात लिहिलंय, लग्नाच्या वेळी सांगितलंय आणि व्हिसाच्या मुलाखतीतही, कुणी विचारलं नसताना, म्हटलंय. ते खरं आहे. चार वर्षांत मी एकूण अकरा मिनिटं मैदानावर होतो, हेही खरं आहे, पण ते लिहायला कुठल्या फॉर्मवर जागाच नसते. बाकीचा वेळ लिंबं कापून बर्फाच्या बादलीजवळ बसलो. तिथून खेळ फार छान दिसतो. त्यामुळे कुठलं पोरगं चालेल आणि कुठलं नाही याबद्दल माझं मत तिघांत सर्वांत ठाम असे.

नव्या बॅचची बातमी आम्हाला कॅन्टीनच्या मामांकडून कळायची. हॅरोवाला कॉलिंग कार्ड खरवडून दर रविवारी त्यांना फोन लावायचा. मामांची माणूस पारखायची स्वतःची पद्धत होती.

"नवीन पोरगं आलंय बघा सेंटर हाफला," ते सांगायचे. "लई दांडगं. दोन मिसळी खाल्ल्या, वर कट मागून घेतला, आनि पानीसुदिक प्यालं न्हाई."

"खेळतंय कसं मामा?"

"आता खाल्ल्यावर खेळंलच की."

एवढ्या माहितीवर आम्ही दोन-दोन तास वाद घालायचो. आदल्या वर्षी मी सहा फूट उंचीच्या एका पोराचा जोरदार पुरस्कार केला होता. कॉर्नरला हा हेडरवर गोल मारणार म्हणून हॅरोवाल्याशी पैज घेतली होती. पोरगं खरंच सहा फुटी निघालं. मात्र चष्म्याचा नंबर मोठा होता आणि बॉल अंगावर आला की ते सभ्यपणे बाजूला व्हायचं, बसमध्ये बायकांना जागा द्यावी तसं. त्या आधीच्या वर्षीचा माझा राइट विंगर पहिल्या आठवड्यातच गॅदरिंगच्या नाटकात गेला. तिथे त्याचं चांगलं चाललं म्हणे.

कुंपणापलीकडे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहायचे. आमचा आरडाओरडा ऐकून एकदा त्यांनी विचारलं, कुठली टीम तुमची? भाऊंनी सगळं नीट सांगितलं. कॉलेज, शहर, अंतर, आणि आम्ही तिघांनीही पाच-सहा वर्षांत एकही मॅच पाहिलेली नाही, हेसुद्धा.

"बरी खेळते का?" त्यांनी विचारलं.

"नाही," भाऊ म्हणाले.

"आमचीही नाही," ते म्हणाले आणि गुलाब छाटायला लागले. इतकं समजून घेणारा माणूस मला त्या देशात दुसरा भेटला नाही.

तर ते वर्ष. दोन हजार तीन किंवा चार असेल. जुलैचा पहिला रविवार. हॅरोवाल्यानं मामांना फोन लावला, ऐकता ऐकता उभा राहिला आणि फोन ठेवून म्हणाला, "भाऊ, गोलकीपर."

भाऊंच्या हातातला कप बशीवर वाजला.

हे का, ते सांगायला हवं. भाऊ आमचे गोलकीपर होते. चार वर्षं. उत्तम. शेवटच्या वर्षी पलीकडच्यांविरुद्ध फायनल होती, शून्य-शून्य, शेवटची दोनेक मिनिटं, आणि त्यांच्या एका पोरानं बॉल मारला. मारला म्हणण्यापेक्षा सोडला. तो घरंगळत आला, भाऊ वाकले, आणि बॉल त्यांच्या दोन पायांमधून शांतपणे आत गेला. त्यानंतर आमच्या कॉलेजला पलीकडच्यांविरुद्ध एकदाही जिंकता आलं नाही, आणि मुख्य म्हणजे एकही धड गोलकीपर मिळाला नाही. हे दोन्ही आपल्यामुळे झालं असं भाऊंचं मत होतं. वहिनी म्हणायच्या, "आमच्या लग्नाच्या व्हिडिओत हे वाकून नमस्कार करताना पाय जुळवून उभे आहेत बघा. मला तेव्हा वाटलं, काय संस्कारी माणूस!" भाऊंना एकच हवं होतं. आपल्या जागी कुणीतरी नीट उभा राहिलेला ऐकायचा होता. मग तो विषय त्यांच्यापुरता मिटला असता.

गोलकीपर गडहिंग्लजचा होता. गडहिंग्लज म्हणजे फुटबॉलचं आणखी एक वेडं गाव. पोरगं बारावी झालेलं, मार्क चांगले, आमच्या कॉलेजलाही मिळत होतं आणि पलीकडेही. ऑप्शन फॉर्म भरायला दहा-बारा दिवस उरले होते. पहिल्या नंबरावर कुठलं कॉलेज लिहायचं ते ठरत नव्हतं. ही सगळी माहिती मामांच्या मेहुण्याच्या गावावरून आलेली.

"आपण फोन करायचा," हॅरोवाला म्हणाला.

"कुणी?" भाऊ म्हणाले.

हा प्रश्न अवघड होता. भाऊंनी करावा तर पोराचे वडील जुने फुटबॉलवाले, त्यांनी ती फायनल पाहिलेली असण्याची भीती. हॅरोवाल्यानं करावा तर त्याचं एक वाक्य शिवीशिवाय पुरं होत नसे. त्यानं सराव म्हणून आम्हाला "नमस्कार काका, कसे आहात" एवढं म्हणून दाखवायचा प्रयत्न केला आणि 'कसे' आणि 'आहात'च्या मध्येच अडकला.

"हा करेल," भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले. "हा गोड बोलतो. शिवाय हा टीममध्ये होता."

हॅरोवाला नुसता खोकला.

मी आठवडाभर तयारी केली. ऑफिसात एका मीटिंगमध्ये, सगळे सर्व्हरबद्दल बोलत असताना, मी वहीत मुद्दे काढले. मैदान. परंपरा. सिनियर लोकांचा आधार. पलीकडच्या मैदानावर पावसाळ्यात म्हशी बसतात. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं वहीत डोकावून पाहिलं, पण देवनागरी बघून तो म्हणाला, "फार बारकाईनं नोट्स घेतोस."

रविवारी आमच्याकडे साडेबारा वाजले, म्हणजे तिकडे पाच, तेव्हा मी माझ्या घरून फोन लावला. भाऊंच्या घरून नको म्हटलं, दोघं मागे उभे राहिले की मला बोलता येत नाही. हे कारण मी दिलं तेव्हा खरं होतं. नंतर मला ते फार सोयीचं ठरलं.

आधी वडील आले. मी इंग्लंडहून बोलतोय म्हटल्यावर त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला आणि घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलं. मग पोरगं आलं.

"नमस्कार सर."

इथे पहिली चूक झाली. मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ बसलो.

म्हशींपर्यंत सगळं छान गेलं. पोरगं हसलं, म्हणालं, "व्हय सर, मी बघितल्यात." मग त्यानं विचारलं, "सर, तुम्ही टीममध्ये होता?"

"चार वर्षं."

"मग इंग्लंडला कसं गेला? फुटबॉलमुळं?"

आता बघा. "हो" म्हणायला काय हरकत होती? मी आयुष्यात याहून मोठ्या थापा याहून कमी गरजेला मारल्या आहेत. पण समोर बारावी पास झालेलं पोरगं, फोन कानाला, मागे आईवडील श्वास रोखून, आणि आपल्याला सर म्हणतंय. अशा वेळी आपल्याकडच्या माणसाला काहीतरी होतं. मी ते माझ्या काकांना, मामांना, खालच्या मजल्यावरच्या एलआयसीवाल्यांना होताना पाहिलं होतं. मला होईल असं वाटलं नव्हतं.

"नाही रे बाळा," मी म्हणालो. मी त्याच्याहून जेमतेम बारा वर्षांनी मोठा होतो. "अभ्यासामुळे."

"कुठली ब्रँच घेऊ सर? मेकॅनिकल मिळतंय, कॉम्प्युटरपन मिळतंय."

"कॉम्प्युटर," मी म्हणालो. क्षणाचाही विचार न करता.

"प्रॅक्टिस सकाळी साडेपाचला असती म्हनं. लेक्चरं जमतील काय?"

आणि मग मी बोलत सुटलो. फर्स्ट इयरचं मॅथ्स कसं असतं. ड्रॉइंगच्या शीट कशा राहतात. बॅक राहिला की पुढे मुलाखतीत काय विचारतात. पाया पक्का हवा. खेळ कुठे पळून जातोय? एक वर्ष फक्त अभ्यास कर, मग पुढे बघू. माझे स्वतःचे फर्स्ट इयरला तीन विषय राहिले होते, आणि तेही फुटबॉलमुळे नाहीत, कारण फुटबॉल मी खेळतच नव्हतो. हे मी सांगितलं नाही. पाया या शब्दावर मी बराच वेळ होतो. मग कॉलिंग कार्डाची बाई इंग्रजीत म्हणाली की तुमचं एक मिनिट उरलंय, तेव्हा मला एकदम आठवलं आपण फोन कशाला केलाय.

"पण कॉलेज आपलंच घ्यायचं बरं का!" मी घाईनं म्हणालो.

"व्हय सर. तुमच्यासारखी मानसं तिथं शिकली म्हंजे चांगलंच असनार."

आणि कार्ड संपलं.

मी भाऊंना फोन केला. "येतोय," म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

पोरानं शब्द पाळला. आमचं कॉलेज पहिल्या नंबरावर, आणि पहिल्याच यादीत नाव. त्या रविवारी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. हॅरोवाल्यानं माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की दूध सांडलं. "तिच्यायला, लिंबूवाल्यानं करून दाखवलं!" भाऊंनी दुकानात तासभर घालवून गोलकीपरचे हातमोजे आणले, आधी स्वतः घालून खोलीतल्या खोलीत वाकून बघितलं, पाय जुळवून, आणि मग सुट्टीला निघालेल्या एका सहकाऱ्याच्या सामानात ते कोल्हापूरला धाडले. पुढचे दोन महिने वाद फक्त बचावात तीन ठेवायचे की चार, एवढाच होता. कीपरबद्दल प्रश्नच नव्हता. भाऊ एकदा सहज म्हणाले, "यंदा फायनलच्या दिवशी मी सुट्टी टाकतो. फोनवर का होईना, ऐकायचं." मी पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलो.

मला वाटलं होतं, पोरगं आपलं ऐकणार नाही. माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ऑफिसात नाही, घरी नाही, या बैठकीत तर मुळीच नाही. एका माणसानं माझा सल्ला अक्षरशः पाळावा अशी घटना आयुष्यात पहिल्यांदा घडत होती, आणि मला त्याची चाहूलही नव्हती.

ऑक्टोबरात एका रविवारी भाऊंच्या स्वयंपाकघरात हॅरोवाल्यानं मामांना फोन लावला आणि या खेपेला स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"मामा, कीपर कसा आहे?"

"कोन, ते गडहिंग्लजचं? त्ये कुटं येतंय गराउंडवर."

भाऊ भांडी पुसत होते. हात थांबले.

"का? लागलंय का त्याला?"

"लागंल कशाला? लायब्ररीत असतंय. एक मिसळ खातंय, ती बी पुस्तक बघत बघत. खेळाचं सर जाऊन बोलावून आलं. तर म्हनतंय, पैल्या वर्सी खेळायचं न्हाई असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय? बापानं?"

"न्हाई. इंग्लंडच्या सरांनी."

हॅरोवाला माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "लाइन खराब आहे. बहुतेक 'हॉस्टेलच्या सरांनी' म्हणाले असतील."

"न्हाई, न्हाई," मामा स्पष्ट आवाजात म्हणाले. "इंग्लंडच्याच. पाया पक्का पायजे म्हनाले, म्हनं."

हॅरोवाल्यानं फोन बंद केला. त्यानंतर तो जे बोलला त्यातलं "तू" एवढंच छापण्यासारखं आहे. वहिनी मुलाला घेऊन बाहेर गेल्या. मी सगळं सांगितलं. म्हशींपासून सुरू केलं, कारण तिथपर्यंत माझी बाजू बरी होती.

भाऊंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे तो आपल्याकडे आला, तो खेळायचं नाही म्हणून आला."

"तसं नाही भाऊ..."

"पलीकडे गेला असता तर खेळला असता."

"हो," मी म्हणालो. "पण पलीकडून."

त्यावर हॅरोवाला नाइलाजानं हसला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी फडकं घडी घालून ठेवलं आणि हात पुढे केला. "नंबर दे आपल्या हॉस्टेलचा. मी बोलतो."

"भाऊ, तुम्ही?" हॅरोवाला म्हणाला.

"त्याच्या वडिलांनी फायनल पाहिली असेल तर असू दे. मीच सांगतो त्याला, मी कोण ते. गोलकीपरनं गोलकीपरशी बोललं पाहिजे. तुम्ही दोघं गप्प उभे राहा."

आम्ही गप्प उभे राहिलो. हॉस्टेलच्या फोनवर कुणीतरी पोराच्या नावानं हाक मारत जिन्यावरून पळत गेलं, ते आम्हालाही रिसीव्हरबाहेर ऐकू येत होतं. भाऊंनी एक हात ओट्यावर टेकला होता आणि पाय जुळवून ते उभे होते. पोरगं आलं.

"नमस्कार. मी रीडिंगहून बोलतोय. ते हातमोजे मी पाठवले होते," भाऊ म्हणाले. "हे बघ, आमच्या मित्रानं तुला काय सांगितलं ते विसर. उद्या साडेपाचला मैदानावर जायचं. मी या कॉलेजचा चार वर्षं कीपर होतो. फायनलला माझ्या पायांमधून गोल गेला, तुझ्या वडिलांना विचार. त्याला आता बारा वर्षं झाली. तिथे कुणीतरी उभं राहायला पाहिजे, आणि तू राहायचंस."

हॅरोवाल्यानं मूठ आवळून हवेत हलवली. मीही हलवली, जरा खाली धरून. इतकं नेमकं, इतकं खरं बोलणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

तिकडून पोरगं काहीतरी बोललं. बराच वेळ बोललं.

"कधी आहे?" भाऊंनी विचारलं.

पुन्हा पोरगं बोललं.

"मॅथ्सच का? आणि ग्राफिक्स त्याच आठवड्यात?" भाऊंचा ओट्यावरचा हात निघाला आणि डोक्याला गेला. "मग किती चॅप्टर झालेत?... एवढेच?... नाही नाही, इंटिग्रेशन सोडून चालणार नाही. त्यावर वीस मार्क असतात... शीट किती झाल्यात?... अरे, मग झोपतोस कधी?"

मी हॅरोवाल्याकडे पाहिलं. त्यानं मूठ खिशात घातली होती.

"हे बघ बाळा," भाऊ म्हणाले.

हॅरोवाला काचेच्या खोलीत जाऊन बसला. मी थांबलो. मला ते भाषण पाठ होतं, पण भाऊ ते माझ्यापेक्षा चांगलं करत होते. त्यांच्याकडे उदाहरणं होती. पायावर ते माझ्याहून जास्त वेळ राहिले. मग त्यांनी पोराला जेवतोस का वेळेवर, हेही विचारलं, जे मला सुचलं नव्हतं.

फोन ठेवून ते बाहेर आले. हॅरोवाल्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"सेकंड इयरला बघू म्हणाला."

"तो म्हणाला?"

भाऊ हिरवळीकडे तोंड करून खुर्चीत बसले. 

"हुशार आहे रे पोरगं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मिड-फील्डचं काय म्हणत होते मामा?"